प्रायमर: योग्य तो

आमच्या खोऱ्यात माणूस शेजाऱ्याला ट्रॅक्टर देईल, करवत देईल, बर्फात रुतलेली गाडी ओढायला पहाटे साखळी घेऊन येईल. पण स्वतःच्या हातानं भरलेलं काडतूस देणार नाही, आणि कुणी दिलं तर घेणारही नाही. यात कुणाचा अपमान नसतो. भरणाऱ्यानं आत काय घातलंय ते बाहेरून दिसत नाही, आणि चुकलं तर ते तुमच्या गालापाशी फुटतं.

विलो फोर्कच्या हार्डवेअरच्या दुकानात मागचा काउंटर माझा. एकतीस वर्षं मी तिथं पुंगळ्या, दारू, गोळ्या आणि प्रायमर विकतोय. प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडात बसवायची मसुरीएवढी टिकली. बंदुकीची सुई तिच्यावर आपटते, ठिणगी पडते, ठिणगीनं दारू पेटते. बाकी सगळं मापात असलं आणि ही टिकली चुकली, तर सगळं चुकलं. गिऱ्हाईक कोणता प्रायमर मागतं यापेक्षा कसा मागतं याकडे माझं लक्ष असतं. आमचे लूथरन पाद्री स्पर्धेतल्या नेमबाजांचे प्रायमर घेतात आणि दर नोव्हेंबरात हरणाऐवजी हवामानाची तक्रार घेऊन परततात. खोक्यावर बोट ठेवून ‘हे चालतील ना?’ म्हणणारा माणूस लग्नाच्या दिवशीही तेच विचारत असणार. जो बायकोला बरोबर आणतो तो दोन मिनिटांत निवडून मोकळा होतो.

ऑर्व्हिल ब्रेकहुस कधीच काही विचारत नसे. येऊन सांगत असे. त्याची बंदूक तीनशे मॅग्नम, दारू संथ जळणारी, गोल दाण्याची. ही दारू थंडीत म्हशीसारखी हटून बसते. तिला जोराची ठिणगी लागते, म्हणून मॅग्नम प्रायमर. साधा प्रायमर वापरलात तर जुलैत काही कळणार नाही. नोव्हेंबरात, पारा शून्याखाली वीसवर गेला की चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ होतो आणि बार उशिरा उडतो. अर्धा सेकंद, कधी एक. तेवढ्यात एखाद्यानं ‘फुसका निघाला’ म्हणून बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, उघडला, तर त्याचं उरलेलं तोंड त्याची बायकोसुद्धा ओळखणार नाही. म्हणून आमच्याकडे पोरं चालायला लागली की नियम शिकवतात: टक् झालं की हलायचं नाही, नळी समोर ठेवायची, साठ मोजायचे, मगच बोल्ट.

गेल्या वर्षी प्रायमरची टंचाई होती. माणशी शंभर, असं मी वहीत नाव लिहून देत होतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑर्व्हिल आला. मॅग्नम सात महिन्यांपासून नव्हते. मी साध्यांची शंभराची पेटी पुढे सरकवली.

‘लेलँड,’ तो म्हणाला, ‘ओली काडी देतोस आणि ओंडका पेटव म्हणतोस?’

‘उन्हाळ्यात चालतील.’

‘उन्हाळ्यात मी नाही.’

मला वाटलं, उन्हाळ्यात तो शिकार करत नाही असं म्हणतोय. एप्रिलमध्ये तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या बसल्या गेला. हृदय.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्याची मुलगी दुकानात आली. मार्गिट काउंटीच्या दवाखान्यात नर्स आहे. चाळिशीला आलेली, बापासारखीच लांब हनुवटी. वीस काडतुसांची हिरवी पेटी तिनं काउंटरवर ठेवली.

‘त्याच्या शिकारीच्या कोटात सापडली,’ ती म्हणाली. ‘काल कोट धुवायला काढला तेव्हा.’

पेटीत नेहमीची चिठ्ठी होती. ऑर्व्हिल प्रत्येक पेटीत चिठ्ठी ठेवायचा. अक्षर बर्फावरून कोंबडी चालल्यासारखं, पण वाचता येत होतं. तारीख नऊ मार्च. दारू: चौऱ्याहत्तर ग्रेन. गोळी: एकशे ऐंशी. प्रायमर: योग्य तो. खाली, जरा मोठ्या अक्षरात: गिटसाठी, नोव्हेंबर. गिट म्हणजे मार्गिट.

शेगडीपाशी वेंडेल पेरिन बसला होता. तो दुकानातलं काही विकत घेत नाही, पण शेगडीची ऊब रोज घेतो. ‘योग्य तो म्हणे! मेला तरी म्हातारा सरळ उत्तर देईना.’

‘तुम्ही जिवंत असून कुठे देता, वेंडेल?’ मार्गिट मागे न बघता म्हणाली. मग मला म्हणाली, ‘तुमची वही काय सांगते?’

‘वही सांगते की माझ्याकडून काहीच नेलं नाही.’

मी एक काडतूस उलटं करून दिव्याखाली धरलं. प्रायमर एकतर पितळी पिवळा असतो, नाहीतर रुपेरी. हा काळपट तांबडा होता, कलेजीच्या रंगाचा, आणि त्यावर चकाकी नव्हती. एकतीस वर्षांत मला ओळखू न आलेला प्रायमर मी पाहिला नव्हता. बोट फिरवलं. अगदी समपातळीत बसवलेला. बोटाला मात्र तो पुंगळीपेक्षा थंड लागला. एकमेकांत बसलेल्या दोन धातूंपैकी एकच जास्त थंड कसा लागेल, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

‘सगळी उकलून टाक,’ मी म्हणालो. ‘दुसऱ्याची काडतुसं आहेत. बाप असला तरी दुसराच.’

‘फेब्रुवारीत त्याची भरायची प्रेस मी उचलून माझ्या गॅरेजमध्ये नेली, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?’

‘सगळ्या गावाला ठाऊक आहे,’ वेंडेल म्हणाला.

‘हात कापायचे त्याचे. कॉफी कपाबाहेर. मी रोज तसे हात बघते हो. अशा हातांनी दारू भरायची म्हणजे… मी म्हटलं, डॅड, आता बास. तर म्हणाला, गिट, कापतात ते कॉफीला. कामाला नाही कापत. मी ऐकलं नाही. मग त्यानं आजोबांच्या वेळची ती पकडीसारखी हातमशीन काढली आणि स्वयंपाकघरात बसून ही भरली. एकेक करून. मला दाखवायला.’ तिनं पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. ‘तो बरोबर होता की मी, एवढंच मला कळायला हवं. दुसरं काही नको.’

हे कळायचा अर्धा रस्ता सोपा होता. आमच्याकडे एक पोकळ हातोडी असते. तिच्यात काडतूस अडकवून ओंडक्यावर आपटलं की गोळी निसटते, दारू बाहेर येते. मी एक उकललं आणि दारू तराजूत ओतली. काटा चौऱ्याहत्तरवर थांबला. केसभरही इकडे नाही, तिकडे नाही. तसं मी माझ्या चांगल्या हातांनी दहातून सात वेळा भरतो, आणि त्यालाही तिघे साक्षीदार लागतात.

वेंडेल शेगडी सोडून तराजू बघायला आला. हे वर्षातून एकदा होतं.

‘बघ,’ मी म्हणालो. ‘हात ठीक होते. मिटलं.’

‘दारू तोलता येते,’ मार्गिट म्हणाली. ‘प्रायमर तोलून कळत नाही. हात ठीक आणि डोकं गेलेलं असंही असतं. दवाखान्यात असे चार आहेत माझ्याकडे.’

तिची बंदूक, म्हणजे ऑर्व्हिलचीच, गाडीत होती. त्या उकललेल्या पुंगळीत आता फक्त प्रायमर होता. ती मागच्या अंगणात नेऊन बंदुकीत घातली आणि नळी बर्फाच्या ढिगाकडे करून तिनं चाप ओढला. टक्.

मी ‘फुसका’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फटाका वाजावा तसा तो उडाला. पूर्ण दोन सेकंद. दारू नाही, काही नाही, नुसता प्रायमर. पेटला तर लगेच पेटेल, नाहीतर पेटणार नाही. मधलं काही त्याच्यात नसतं.

‘झालं,’ मी म्हणालो. ‘प्रायमर खराब. आता उकल.’

‘उद्या दुपारी खाणीवर बाकीची मारून बघते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही येणार का घड्याळ घेऊन?’

वेंडेलला विचारलं तर म्हणाला, ‘मला माझा चेहरा आवडतो.’

‘तुला एकट्यालाच,’ मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी मीच गेलो.

जुन्या खडीच्या खाणीत गावाची नेमबाजीची जागा आहे. शंभर यार्डांवर मातीचा उंच बांध, अलीकडे लाकडी टेबल, बाक आणि वाळूच्या पिशव्या. पारा शून्याखाली बावीस. ऊन होतं, पण ते नुसतं दिसायला. चिकडी पक्षी झुडपांत कटकट करत होते, बर्फाखालून ओढ्याचा आवाज येत होता, माझ्या गाडीचं इंजिन थंड होताना टिकटिकत होतं. हे आवाज मी मुद्दाम लिहितोय.

मार्गिटचा नेम मला माहीत होता. पाच गोळ्यांत तळहाताएवढा पसारा. कारण एकच: चाप ओढला की लागली का बघायला ती डोकं वर करते. बारा वर्षांची होती तेव्हापासून. ऑर्व्हिल तिच्या मागे उभा राहून तिच्या डोक्यामागे दोन बोटं टेकवून ठेवायचा, डोकं वर येऊ नये म्हणून. सगळ्या गावासमोर. सतराव्या वर्षी तिनं ती बोटं झटकली आणि दोघं महिनाभर बोलले नाहीत.

तिनं लोकरीची कड असलेली टोपी वर ओढली, उजवा हातमोजा काढला, गाल बंदुकीच्या दस्त्याच्या लाकडाला लावला आणि एकच काडतूस घातलं.

टक्.

आणि सगळं थांबलं. पक्षी, ओढा, इंजिन. माझ्या हातातल्या घड्याळाचा काटा सरकत होता, पण त्याचाही आवाज नव्हता. एक, दोन, तीन. मग बार झाला आणि सगळे आवाज परत आले.

‘तीन,’ मी म्हणालो. माझा आवाज मला फार मोठा वाटला.

‘पुढचं,’ ती म्हणाली.

पुढच्याला चार लागले. मग सहा. मग आठ. मग अकरा. मी वहीत लिहीत गेलो. खराब प्रायमर असा नसतो. खराब माल कधी दोन, कधी शून्य, कधी पाच. त्याला चालीरीत नसते. इथे प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शानं मोठा होता, शिस्तीत.

पाच झाल्यावर आम्ही बांधापाशी जाऊन आलो. लक्ष्याच्या मधोमध एकच भोक होतं, कडा फाटलेलं. पाचही त्यातूनच गेल्या होत्या.

‘तू नाही मारलंस हे,’ मी म्हणालो. थट्टेनंच म्हणालो.

‘नाही,’ ती म्हणाली. तिनं थट्टा केली नाही. ‘मी नुसती डोकं खाली ठेवून आहे.’

परतल्यावर मी तिच्या डाव्या बाजूला, जरा मागे उभा राहिलो. सहाव्याला पंधरा सेकंद. श्वासाची वाफ तिच्या टोपीच्या लोकरीवर गोठून पांढरी झाली होती. सातव्याला चाप ओढल्यावर शांतता पडली तेव्हा मी त्या लोकरीकडे बघत होतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, शेजारी शेजारी, दोन ठिकाणी ती लोकर हळूच दबली. बोटभर रुंद. वीस सेकंद दबलेली राहिली. बार झाला आणि लोकर परत वर आली. गोठलेले कण खाली पडले.

मी माणसं बघून पोट भरतो. कोण पाहतंय, कोण लपवतंय, कोण हातात एक धरून मनात दुसरं मागतंय, हे मला कळतं. मागे कोण उभं आहे ते तिला ठाऊक होतं. पहिल्यापासून.

‘गिट. आता बास कर.’

‘आठवं,’ ती म्हणाली.

अठ्ठावीस. नववं, अडतीस. दहावं, बावन्न. बावन्न सेकंद म्हणजे केवढे असतात ते न बोलता, न हलता मोजून बघा कधी. तिचा गाल लाकडाला चिकटल्यासारखा, डोळा उघडा, ओठांवर हसू. मुलीचं हसू, चाळीस वर्षांच्या बाईचं नव्हे.

बाराव्या-तेराव्याचा हिशेब नंतर, आधी अकरावं. मी वहीत आकडा काढला. सत्तर. म्हणजे साठाच्या पलीकडे. साठाला बोल्ट उघडायचा हा नियम तिच्या हाडात आहे, आणि साठाला उघडला तर बार चेहऱ्यावर. मी तिला सांगायला वाकलो, पण तिनं तोवर ते घातलं होतं.

टक्.

साठ झाले. तिचा हात बोल्टकडे गेला नाही. सत्तर झाले. ऐंशी. बार नाही. शंभर. लोकरीत दोन खळगे, अगदी स्थिर. दोन मिनिटं झाली तेव्हा तिच्या गालावर, लाकडाला लागून, मेणासारखा पांढरा डाग दिसायला लागला. बोटांचीही तीच गत. हा डाग काय असतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती लोकांचे असे गाल रोज बघते.

‘गिट, मागे सरक. बंदूक पिशव्यांवर आहे, मी धरतो.’

‘नको,’ ती ओठ न हलवता म्हणाली. ‘तुम्ही हात लावला की जाईल तो.’

‘जाऊ दे.’

‘लेलँड, प्लीज. यावेळी जास्त वेळ आहे.’

तीन मिनिटं. मी डाव्या हातानं बंदुकीचं लाकूड दाबून धरलं, नळी बांधाकडेच राहील अशी, आणि खांद्यानं तिला बाकावरून ढकललं. तिनं केवढा आवाज काढला! दवाखान्यात माणूस गेल्यावर नातेवाईक काढतात तसा. ती बर्फात बसली. मी तिच्या जागी बसलो, गाल लाकडाला लावला. हे लाकूड तिच्या गालानं तरी गरम असायला हवं होतं. नव्हतं.

मग माझ्या टोपीवर, मागे, दोन बोटं टेकली.

मी घाबरलो का? घाबरलो. पण त्याहून जास्त आठवतंय ते हे, की ती बोटं गोंधळली. चर्चच्या खुंटीवरून चुकून दुसऱ्याचा कोट काढावा आणि हाताला कापड वेगळं लागावं, तशी ती माझ्या डोक्यावरून जरा फिरली. चाचपून बघितलं. मग उचलली गेली. आणि चिकडी पक्षी पुन्हा कटकट करायला लागले.

मी अर्धा तास तसाच बसलो, घड्याळ लावून. बार झाला नाही. मग बोल्ट उघडला. काडतूस बाहेर आलं. प्रायमरवर सुईचा खड्डा खोल, स्वच्छ, बरोबर मध्ये. फुटायला हवं होतं. माझ्यासाठी फुटलं नाही.

लक्ष्यावर अजून तेच एक भोक होतं, ते बघून आम्ही गाडीत हीटर लावून बसलो. ती पांढरा गाल तळहाताखाली धरून होती. पेटी मांडीवर. आठ उरली होती.

‘दहा गोळ्या, एक भोक,’ मी म्हणालो. ‘बरोबर तो होता. तुला हेच हवं होतं ना? कळलं?’

‘कळलं.’

‘मग?’

‘मग काय. आठ आहेत.’

मी वही उघडून तिच्यासमोर धरली. ‘हे बघ. शेवटच्याला चौदा मिनिटं लागतील. या थंडीत, गाल उघडा ठेवून, न हलता. गाल जाईल, बोटं जातील. आणि त्यानंतर पेटी रिकामी. मग काय करशील? माझ्या काउंटरवर येऊन कुठला प्रायमर मागशील?’

‘असाच.’

‘असा मी ठेवत नाही.’

ती खिडकीबाहेर टेबलाकडे बघत राहिली. तिला बोलून पटवणं अवघड आहे हे मला ठाऊक होतं, तिच्या बापालाही कुणी पटवलेलं मी पाहिलं नाही. मला सुचलं ते बोललो.

‘शेवटची दोन वर्षं टपालाच्या पेटीपर्यंत चालला तरी त्याला कुंपणाला टेकावं लागायचं. बरोबर?’

‘हो.’

‘चौदा मिनिटं तू बसलेली असशील, गिट. तो तुझ्या मागे उभा असेल.’

हीटरचा पंखा फिरत होता. मग तिनं पेटी उघडली, चिठ्ठी काढून खिशात ठेवली.

‘ती हातोडी दुकानात आहे ना?’

संध्याकाळी चार वाजता, वेंडेलच्या देखत, तिनं आठही काडतुसं स्वतः उकलली. प्रत्येक वेळी दारू तराजूत. प्रत्येक वेळी चौऱ्याहत्तर. ती आकडा मोठ्यानं वाचायची आणि मी लिहायचो. सहाव्याला वेंडेलनं टोपी काढून मांडीवर ठेवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. प्रायमर लागलेल्या पुंगळ्या आणि ते न फुटलेलं अकरावं आम्ही तेलाच्या डब्यात बुडवून झाकण लावलं. तेलात प्रायमर मरतो असं आमच्याकडे म्हणतात. डब्याच्या बाहेरून दवासारखं बाष्प धरलं, शेगडी पेटलेली असताना.

‘शनिवार-रविवार शिकारीचे शेवटचे दिवस आहेत,’ ती म्हणाली. ‘एल्क हरणाचा परवाना आहे माझ्याकडे. काडतुसं नाहीत.’

‘मॅग्नम प्रायमर परवाच आलेत,’ मी म्हणालो.

तिनं खोक्याकडे बघितलं. काही विचारलं नाही, ‘चालतील ना?’ म्हणाली नाही. ‘शंभर द्या.’

गॅरेजमधली प्रेस तिनं परत बापाच्या टेबलाशी नेऊन बसवली आणि दहा काडतुसं भरली, आयुष्यातली पहिली. मी ती बघितली नाहीत. दुसऱ्याची काडतुसं.

रविवारी, दुकान बंद करायच्या बेताला, ती आली. पांढऱ्या कागदात बांधलेला मांसाचा पुडा काउंटरवर ठेवला. गालावरचा डाग आता तांबूस झाला होता, साल निघत होती. खूण राहणार होती.

‘मिळालं तर.’

‘कोवळी मादी. दोनशे यार्डांवर, ओढ्यापलीकडे. उभी होती छान.’

‘किती गोळ्या?’

‘एकच.’

‘अरे वा!’ वेंडेल शेगडीजवळून म्हणाला. ‘बापाची पोर. आणि आमच्या वाटणीचं?’

‘तुमच्या वाटणीची शेगडी,’ मी म्हणालो.

ती हसली, पण माझ्याकडेच बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगायला जगात मी एकटाच होतो.

‘चाप ओढला आणि बार झाला,’ ती म्हणाली. ‘लगेच. मधे काहीच नव्हतं, लेलँड.’

‘चांगला प्रायमर तसाच असतो.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘बरोबर भरलं होतं मी.’ आणि दुकान बंद व्हायची वेळ होऊन गेली तरी काउंटरशी उभी राहिली.